डॉ. एडवर्ड जेन्नर आणि देवीची लस: बर्कलेपासून सेंदाईपर्यंत

जपानच्या ईशान्य भागात सेंदाई नावाचे मोठे शहर आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या निमित्ताने मला तेथे दीड वर्ष राहण्याचा योग आला. शहराच्या पश्चिमेस आओबा टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि तेथे घोड्यावर बसलेल्या एका सरदाराचा पुतळा आहे. शिरस्त्राणावर मोठी चंद्रकोर, नजर खाली शहराकडे. आपल्या मराठी माणसाला पाहताक्षणी शिवछत्रपतींच्या पुतळ्याची आठवण व्हावी असा तो आहे. हे दाते मासामुने. सन १६०१ मध्ये त्यांनी हा किल्ला बांधावयास घेतला आणि सेंदाई शहर वसविले.

पुतळ्याचे दोन्ही डोळे धड आहेत. खऱ्या मासामुने यांना मात्र एकाच डोळ्याने दिसत असे. लहानपणी त्यांना देवी आल्या आणि त्यांत उजवा डोळा गेला. आपल्या चित्रांत दोन्ही डोळे दाखवावेत अशी त्यांची इच्छा होती, असे तेथील लोक सांगतात. पण लोकांनीच त्यांना एकाक्ष ड्रॅगन हे टोपणनाव दिले आणि तेच आज पोरासोरांच्या तोंडी आहे. सरदाराच्या वाड्यात जन्मलेल्या मुलाची ही गत, तर झोपडीतल्या मुलाची काय असेल?

देवी हा शब्द मी सहज लिहिला. वाचकहो, या शब्दापाशी क्षणभर थांबू या. अंगावर फोड उठले की देवी आल्या, माणूस बरा झाला की देवी गेल्या, असे आपले वाडवडील म्हणत. रोग म्हणजे शितळादेवीचा कोप. म्हणून घरात मोठ्याने बोलायचे नाही, फोडणी द्यायची नाही, रोग्याजवळ कडुनिंबाच्या डहाळ्या ठेवायच्या. गंमत अशी की रोगावरचा उपाय आला तेव्हा त्यालाही आपण देवी काढणे किंवा देवी टोचणे असेच नाव दिले. माझ्या आजीच्या दंडावर दोन वाटोळे व्रण होते. त्यांना ती देवीच म्हणे. देवळातली देवी आणि आजीच्या दंडावरची देवी एकच, असे मला बरीच वर्षे वाटत असे.

जपानी लोकांचेही थेट असेच होते. त्यांच्याकडे या रोगाचा देव होता. त्याला लाल रंग आवडतो किंवा त्या रंगाला तो भितो, अशा समजुतीने आजारी मुलाला लाल कपडे घालीत, लाल चित्रे टांगीत. सेंदाईच्या दक्षिणेस आइझु प्रांत आहे. तेथे मान हलविणारी लाल रंगाची लाकूड-कागदाची गाय खेळणे म्हणून विकतात. तिच्या अंगावरचे काळे ठिपके म्हणजे देवीचे व्रण, आणि ती घरात असली की मुलाला देवी येत नाहीत, अशी जुनी समजूत. मी एक विकत आणली. ती वर्गात टेबलावर असते. गाईचा आणि देवीचा खरा संबंध काय आहे हे त्या खेळणी करणाऱ्यांना कोठून ठाऊक असणार!

तो संबंध ज्यांनी जगाला सिद्ध करून दाखविला ते डॉ. एडवर्ड जेन्नर कधी सेंदाईला गेले नाहीत, मुंबईला गेले नाहीत, की आपल्या बेटावरही आले नाहीत. ते इंग्लंडातील एका खेड्यात जन्मले आणि त्याच खेड्यात वारले. पण त्यांची लस या तिन्ही ठिकाणी पोचली. ती कशी पोचली हेही आज सांगायचे आहे, कारण त्या प्रवासात आपल्या मॉरिशसचा एक टप्पा आहे आणि तो आपल्या शाळांतल्या पुस्तकांत मला कधी आढळला नाही.

जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कले गावी झाला. वडील गावचे पाद्री होते. एडवर्ड पाच वर्षांचा असतानाच आई आणि वडील दोघेही वारले व थोरल्या भावाने त्याला वाढविले. आठव्या वर्षी शाळेत असताना त्याला देवी टोचण्यात आल्या. ही आजची टोचणी नव्हे. त्या काळी देवी आलेल्या रोग्याच्या फोडातला पू किंवा खपली घेऊन निरोगी माणसाच्या कातडीत घालीत. त्याला सौम्य देवी येत आणि तो बरा झाला की पुन्हा देवी येण्याची भीती उरत नसे. हिंदुस्थानात, चीनमध्ये, तुर्कस्थानात ही रीत फार जुनी होती. बंगालमध्ये तर हे काम करणारे टिकादार गावोगाव फिरत. इंग्लंडात ती सन १७२१ मध्ये लेडी मेरी माँटेग्यू या बाईंच्या खटपटीने रूढ झाली. त्यांनी ती तुर्कस्थानात पाहिली होती.

या रीतीत दोन धोके होते. टोचलेल्यांपैकी शंभरात एकदोन जण दगावत. देवीची साथ आली तर शंभरात वीस ते तीस मरत, तेव्हा हा सौदा वाईट नव्हता. दुसरा धोका अधिक मोठा. टोचलेल्या माणसाला आलेल्या देवी सौम्य असल्या तरी खऱ्याच असत आणि त्याच्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या लागत.

लहानग्या एडवर्डला टोचण्यापूर्वी सहा आठवडे तयारी म्हणून जवळजवळ उपाशी ठेवले, अंगातून रक्त काढले, जुलाब दिले. मग इतर मुलांबरोबर एका तबेल्यात कोंडून ठेवले. तो जगला, पण ते दिवस तो कधी विसरला नाही. मोठेपणी या माणसाने अधिक सोप्या उपायाचा ध्यास घेतला त्याचे मूळ मला तरी त्या तबेल्यात दिसते.

पुढे सात वर्षे एका गावच्या शस्त्रवैद्याकडे उमेदवारी करून सन १७७० मध्ये ते लंडनला गेले. तेथे सेंट जॉर्ज इस्पितळात जॉन हंटर हे नामांकित शस्त्रवैद्य त्यांचे गुरू झाले. नुसता तर्क करीत बसू नये, करून पाहावे, ही हंटर यांची शिकवण. असा गुरू लाभणे हे भाग्यच. कॅप्टन कुक यांच्या पहिल्या सफरीतून आणलेले प्राणी आणि वनस्पती लावून ठेवण्याचे काम जेन्नर यांनी केले व दुसऱ्या सफरीबरोबर जाण्याची संधीही त्यांना आली होती. ती त्यांनी नाकारली आणि सन १७७२ मध्ये बर्कलेला परत येऊन गावचे डॉक्टर म्हणून काम सुरू केले. घोड्यावरून खेडोपाडी रोगी पाहायला जायचे, फावल्या वेळात व्हायोलिन वाजवायचे, कविता करायच्या, पक्ष्यांची घरटी न्याहाळायची, असे त्यांचे आयुष्य होते.

घरट्यांवरून आठवले. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते हे आपल्याला ठाऊक आहे. विलायतेत तिच्याच कुळातला कक्कू पक्षी असतो. तोही परक्याच्या घरट्यात अंडी घालतो. मग त्या घरट्यातली मूळची पिल्ले नाहीशी कशी होतात? कक्कूची मादी त्यांना टाकून देत असेल असे सर्व विद्वान समजत. जेन्नर यांनी प्रत्यक्ष पाहून लिहिले की नुकतेच अंड्यातून निघालेले, डोळेही न उघडलेले कक्कूचे पिल्लू इतर पिल्लांना पाठीवर घेऊन बाहेर लोटते. त्यासाठी त्याच्या पाठीवर खळगा असतो व काही दिवसांनी तो भरून येतो. या निबंधाबद्दल सन १७८९ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. अनेकांनी मात्र पुढे शंभर वर्षे यावर विश्वास ठेवला नाही. विसाव्या शतकात चित्रपटाच्या फिल्मवर ते दृश्य टिपले गेले तेव्हा कोठे शंका मिटली. सन १७८८ मध्ये कॅथरिन किंग्स्कोट यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आता गाईकडे येऊ. दुभत्या गाईंच्या आचळांवर कधी कधी फोड येतात. दूध काढणाऱ्यांच्या हातांना ते लागतात, दोन-चार दिवस कणकण येते आणि माणूस बरा होतो. या किरकोळ रोगाला आपण गोदेवी म्हणू. ज्याला गोदेवी होऊन गेली त्याला मोठी देवी येत नाही, असे त्या भागातले शेतकरी पूर्वापार म्हणत आले होते. एका गवळणीच्या तोंडून जेन्नर यांनी लहानपणी हे ऐकले आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, अशी गोष्ट आपण शाळेत शिकलो. मीही ती शिकविली. आजचे इतिहासकार ती खरी मानीत नाहीत; ती त्यांच्या चरित्रकाराने मागाहून रचली असावी. इतकेच काय, डॉर्सेटमधील बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने सन १७७४ मध्येच गाईच्या फोडातला द्रव शिवणाच्या सुईने आपल्या बायकोला आणि दोन मुलांना टोचला होता. गावाने त्याची छीथू केली. तेव्हा कल्पना जेन्नर यांची एकट्याची नव्हती. ती पारखून घेतली, लिहून काढली आणि साऱ्या जगापुढे ठेवली, हे काम त्यांचे.

१४ मे १७९६ रोजी त्यांनी तो प्रसिद्ध प्रयोग केला. सारा नेल्म्स या गवळणीच्या हाताला ब्लॉसम नावाच्या गाईपासून फोड आले होते. त्यातला द्रव घेऊन जेन्नर यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन ओरखडे काढून त्यांत घातला. जेम्स हा त्यांच्या माळ्याचा मुलगा. त्याला थोडा ताप आला, भूक मंदावली आणि दहाएक दिवसांत तो खेळू लागला. मग १ जुलै रोजी जेन्नर यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीचा पू टोचला. काही झाले नाही. पुढेही त्याला तो अनेक वेळा टोचण्यात आला. देवी आल्या नाहीत.

ही हकीकत वर्गात सांगताना माझा आवाज नेहमी जरा खाली येतो. देवीचा पू टोचणे ही त्या काळची रोजची रीत होती, त्यामुळे जेन्नर यांनी काही अघोरी केले असे त्यांच्या गावकऱ्यांना वाटले नसणार. तरीही तो मुलगा नोकराचा होता, आठ वर्षांचा होता, आणि त्याला कोणी विचारले नव्हते. पुढे जेन्नर यांनी जेम्सला राहण्यासाठी एक लहान घर दिले. याचा अर्थ आपापल्या परीने लावावा. त्या ब्लॉसम गाईचे कातडे लंडनच्या सेंट जॉर्ज वैद्यकीय विद्यालयाने जपून ठेवले आहे.

एका मुलावरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही असे रॉयल सोसायटीच्या धुरीणांचे मत पडले. जेन्नर यांनी आणखी मुलांना लस टोचली, जुन्या रोग्यांच्या हकीकती जमविल्या आणि सन १७९८ मध्ये स्वतःच्या खर्चाने सुमारे ७५ पानांचे पुस्तक छापले. त्यात २३ जणांच्या हकीकती आहेत. लॅटिनमध्ये गाईला व्हाका म्हणतात, त्यावरून व्हॅक्सिन हा शब्द आला. आज पोलिओच्या थेंबांपासून कोविडच्या सुईपर्यंत सगळ्यालाच आपण व्हॅक्सिन म्हणतो, पण त्या शब्दात अजून ती गाय उभी आहे.

विरोध पुष्कळ झाला. जनावराचा रोग माणसात घालणे हे पाप आहे असे काही धर्मोपदेशक म्हणाले. काही डॉक्टरांची टोचणीची कमाई बुडत होती, ते चिडले. सन १८०२ मध्ये लंडनच्या एका चित्रकाराने लस घेतलेल्या माणसांच्या अंगातून गाई बाहेर येत आहेत असे व्यंगचित्र काढले. ते आजही पुस्तकांत छापतात. लंडनच्या एका इस्पितळात तर लशीत खऱ्या देवीचा पू मिसळला गेला आणि लोक आजारी पडले. दोष जेन्नर यांच्या माथी आला. पण जेथे लस नीट टोचली गेली तेथे देवी हटली हे डोळ्यांना दिसत होते, आणि थोड्याच वर्षांत ती युरोपभर व अमेरिकेत पसरली.

आपली रीत गुप्त ठेवून जेन्नर यांना गडगंज पैसा करता आला असता. त्यांनी ती सर्वांना मोकळी केली. जगभरातून येणाऱ्या पत्रांना उत्तरे लिहिण्यात आणि लशीचे धागे पाकिटात घालून पाठविण्यात त्यांचे दिवस जाऊ लागले, स्वतःचा धंदा बसला. पार्लमेंटने सन १८०२ मध्ये १०,००० आणि सन १८०७ मध्ये २०,००० पौंड दिले तेव्हा ते सावरले. बागेतल्या एका झोपडीत ते गरिबांना फुकट लस टोचीत. नेपोलियन इंग्लंडशी लढत असतानाही त्याने जेन्नर यांच्या विनंतीवरून इंग्रज कैदी सोडले होते.

त्यांची एक गोष्ट चुकली. एकदा टोचले की जन्मभर देवी येत नाही असे ते ठामपणे सांगत. काही वर्षांनी जोर ओसरतो आणि पुन्हा टोचावे लागते हे नंतरच्या लोकांना कळले. घरातही सुख फार टिकले नाही. थोरला मुलगा सन १८१० मध्ये क्षयाने गेला, पत्नी कॅथरिन सन १८१५ मध्ये त्याच रोगाने. २६ जानेवारी १८२३ रोजी बर्कले येथे पक्षाघाताने जेन्नर यांचा अंत झाला. अंत्ययात्रेला जेम्स फिप्सही आला होता.

आता लशीचा प्रवास. आज लस बर्फाच्या पेटीत येते. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. काचेवर किंवा दोऱ्यावर वाळविलेली लस उष्ण देशात पोचेपर्यंत मरून जाई. खात्रीचा उपाय एकच होता. एका मुलाला टोचायचे, आठवडाभराने त्याच्या दंडावर फोड भरला की त्यातला द्रव दुसऱ्या मुलाला, त्याच्याकडून तिसऱ्याला. ज्यांना पूर्वी देवी आल्या नाहीत अशीच माणसे त्यासाठी चालत, म्हणून बहुधा मुलेच घेत. स्पेनच्या राजाने सन १८०३ मध्ये अनाथाश्रमातली २२ मुले जहाजात बसवून लस अमेरिकेला पाठविली ती अशीच.

मुंबईला ती व्हिएन्नाहून आली. डॉ. झां द कारो यांनी व्हिएन्नाहून बगदादला वाळविलेली लस पाठविली, तेथून ती बसऱ्याला आणि दंडादंडावरून जहाजाने मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती उठली. हिंदुस्थानात लस घेणारी पहिली व्यक्ती ती. तिच्या दंडावरून आणखी पाच मुलांना टोचले, आणि मुंबईहून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास करीत लंकेपर्यंत गेली. ज्या कोकणातून आपले पूर्वज पुढे या बेटावर आले त्या कोकणातही ती याच मुलीच्या दंडावरून पोचली असली पाहिजे. लोक काही आनंदाने पुढे आले नाहीत. कोणाच्या कोणत्या जातीच्या मुलाचा द्रव आपल्या मुलात घालायचा, ही शंका होती. आपल्या मुलाच्या फोडातून डॉक्टर द्रव काढून घेतो तेव्हा ते मूल किंचाळते, हे तर कोणत्याही आईला सहन होणारे नव्हते. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढविण्याची रीत आली तेव्हा हा त्रास सुटला.

आपल्या बेटाला देवीची ओळख त्याआधीच झाली होती. सन १७९२ मध्ये दक्षिण हिंदुस्थानातून गुलाम घेऊन एक जहाज पोर्ट लुईला आले. त्याच्याबरोबर देवी उतरली. त्या वेळी बेट फ्रेंचांचे होते व त्याचे नाव ईल द फ्रांस होते. हजारो माणसे मेली. जुन्या पद्धतीने टोचावे की टोचू नये यावरून मळेवाल्यांत कडाक्याचे वाद झाले. काहींना स्वतःला, मुलाबाळांना आणि गुलामांनाही टोचून घ्यायचे होते. त्यामुळे रोग आणखी पसरेल म्हणून बाकीचे त्यांच्यावर तुटून पडत होते. गुलामांचे मत कोणी विचारले नाही.

बारा वर्षांनी, सन १८०४ मध्ये, याच बेटावर जेन्नर यांची लस तयार होती. ती बातमी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, डच सरकारच्या कानी गेली. त्यांनी काही मुलांना जहाजात बसवून ईल द फ्रांसला पाठविले. परतीच्या वाटेवर एकाच्या दंडावरून दुसऱ्याला टोचत लस जिवंत ठेवली आणि जावा बेटावर उतरविली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर मी कित्येकदा उभी राहिले आहे. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या पाहताना आपल्याला आपले पूर्वज आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याही आधी येथून जावाकडे निघालेले ते जहाज आता मला त्याबरोबर आठवते. हिंदी महासागर ओलांडायचा, वाटेत दंडावर ओरखडा काढून घ्यायचा, आठवडाभर तो फोड सांभाळायचा, फुटू द्यायचा नाही, खाजवायचे नाही. वर्गातली मुले पाहिली की हे किती अवघड आहे ते कळते.

जपानची गाठ आता या बटाव्हियाशी पडते. जपानने परदेशीयांना दारे बंद केली होती. युरोपीयांपैकी एकट्या डचांना नागासाकीजवळच्या देजिमा या इवल्याशा बेटावर व्यापार करण्याची मुभा होती, आणि त्यांची जहाजे बटाव्हियाहून येत. सन १८२३ मध्ये डॉक्टर सीबोल्ड यांनी तेथून लस आणली, पण वाटेत ती मेलेली निघाली. त्यानंतरही असेच होत राहिले. उत्तरेकडे नाकागावा गोरोजी नावाच्या जपानी गृहस्थाला रशियाच्या कैदेत असताना ही विद्या कळली होती. त्याने सन १८२४ मध्ये काही लोकांना टोचलेही, पण आपली युक्ती त्याने स्वतःपाशीच ठेवली आणि ती त्याच्याबरोबर संपली.

शेवटी सन १८४९ मध्ये द्रवाऐवजी वाळलेली खपली मागविण्यात आली. देजिमा येथे डॉक्टर मोनिके यांनी तीन मुलांना टोचले. त्यांतल्या एकाच्या दंडावर फोड उठला. तो मुलगा नाराबायाशी सोकेन या जपानी वैद्यांचा. एवढ्या एका फोडावरून काही महिन्यांत क्योतो, ओसाका आणि एदो म्हणजे तोक्यो येथे लस पोचली. फुकुई गावचे वैद्य कासाहारा हाकुओ यांनी तर मुलांना व त्यांच्या आईबापांना बरोबर घेऊन बर्फाने भरलेली डोंगरखिंड ओलांडली. उशीर झाला असता तर दंडावरची लस संपली असती.

एदोला तिची वाट पाहणाऱ्या वैद्यांत सेंदाई संस्थानचे ओत्सुकी शुनसाई होते. सन १८०६ मध्ये सेंदाईजवळच्या आकाई गावी त्यांचा जन्म. तरुणपणी एदोला आले, नागासाकीला जाऊन डच वैद्यक शिकले आणि परत येऊन दवाखाना काढला. सरकारी दरबारात जुन्या चिनी वैद्यकाच्या लोकांचे वजन होते, ते पाश्चात्त्य वैद्यकाला उभे राहू देत नव्हते. तेव्हा सन १८५८ मध्ये ऐंशीहून अधिक वैद्यांनी आपल्या खिशातून वर्गणी काढली आणि एदोत कांदा भागात ओतामागाइके येथे लस टोचण्याचे घर उघडले. शुनसाई हे त्यांतले एक प्रमुख. ज्यांची चित्रे आपली मुले टीव्हीवर पाहतात त्या अ‍ॅस्ट्रो बॉयचे जनक ओसामू तेझुका यांचे पणजोबाही त्या वैद्यांत होते.

घर उघडले आणि त्याच वर्षी आगीत जळून गेले. ते पुन्हा उभारायला मोठी देणगी दिली ती हामागुची गोर्यो या व्यापाऱ्याने. या माणसाची आणखी एक ओळख आहे. सन १८५४ मध्ये समुद्राची प्रचंड लाट आली तेव्हा अंधारात गावकऱ्यांना उंचावरची वाट दिसावी म्हणून त्यांनी भाताच्या गंजी पेटविल्या होत्या. त्या रात्रीच्या आठवणीने संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा त्सुनामी-जागृतीचा दिवस ठरविला आहे. शुनसाई यांचे आकाई आज ज्या हिगाशी-मात्सुशिमा शहरात आहे, त्या शहराला सन २०११ च्या त्सुनामीने फार मोठा तडाखा दिला.

सन १८६० मध्ये ते टोचणीघर सरकारने आपल्याकडे घेतले व शुनसाई यांना त्याचे पहिले प्रमुख नेमले. पुढच्या वर्षी तेथे पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण सुरू झाले. शुनसाई सन १८६२ मध्ये वारले. तोक्यो विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यालय आपली सुरुवात त्या सन १८५८ च्या घरापासूनच मोजते.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. हिंदुस्थानात देवीचा शेवटचा रोगी सन १९७५ मध्ये सापडला. जगात नैसर्गिक रीतीने देवी आलेला शेवटचा माणूस सन १९७७ मध्ये सोमालियात, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देवी संपल्याचे जाहीर केले. त्या वेळी संघटनेच्या देवी-निर्मूलन विभागाचे प्रमुख एक जपानी डॉक्टर होते, इसाओ आरिता.

सेंदाईतल्या एका प्राथमिक शाळेत मी पाठ पाहायला जात असे. एकदा तेथील शिक्षकांच्या परवानगीने मी मुलांना विचारले की दाते मासामुने यांचा डोळा कशाने गेला. सगळ्यांचे हात वर. रोगाचे नाव सर्वांना पाठ होते. मग विचारले की हा रोग झालेला कोणी पाहिला आहे काय. मुले एकमेकांकडे पाहू लागली, नंतर त्यांच्या शिक्षकांकडे. शिक्षकांनी मान हलविली. मग त्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना आजीच्या दंडावरच्या दोन व्रणांविषयी सांगितले, आणि एका मुलीने ते केवढे होते हे फळ्यावर काढून दाखवायला लावले.